सबबबाईंस अनावृत पत्र

सौभाग्यवती वज्रचुडेमंडित सबबबाई, मुक्काम सर्व सरकारी कचेऱ्या, यांचे सेवेसी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

वरील विशेषण केवळ शिरस्त्याने लिहिलेले नाही; अंमलदार निवृत्त होतात, बदलून जातात, क्वचित बडतर्फही होतात, परंतु आपले सौभाग्य नव्या अंमलदाराच्या नावे त्याच दिवशी अखंड होते. कौटिल्याने राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले. आपला गोतावळा मोजण्याच्या भरीस मात्र तो चाणाक्ष पंडितही पडला नाही.

कारकुनाच्या घरी आपण साध्या वेषात वावरता: पगार पुरत नाही, मुलीचे लग्न काढले आहे, एवढेच. आपले खरे ऐश्वर्य मुंबईकरांना दिसले ते १९५८ साली. आयुर्विमा महामंडळाने आदल्या वर्षीच्या जूनमध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विमेदारांच्या पैशातून, आणि तेही स्वतःच्याच गुंतवणूक समितीस न विचारता, खरेदी केले होते. फिरोझ गांधींनी लोकसभेत हे प्रकरण बाहेर काढल्यावर न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे मुंबईत उघड चौकशी झाली, तेव्हा महामंडळाचे अधिकारी अर्थसचिवांकडे, सचिव मंत्र्यांकडे आणि मंत्री पुन्हा सचिवांकडे बोट दाखवीत असता आपण एकाच वेळी तिन्ही घरी सुखाने नांदत होता. शिवाय कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठीच हा व्यवहार केला, असा लोकहिताचा भरजरी शालूही आपल्या अंगावर होता. बाजार सावरायचा तर सौदा एकाच गृहस्थाशी का, हे त्या शालूच्या विणीतून कोणास उलगडले नाही. छागलांनी ते जरीकाम खोटे ठरविले, आणि सचिवाच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निर्वाळा दिला. अर्थमंत्री कृष्णमाचारींनी फेब्रुवारीत राजीनामा दिला. (१९६२ मध्ये ते मंत्रिमंडळात परतले, आपल्या माहेरची माणसे फार दिवस रुसत नाहीत.)

आम्ही प्रजाजनही आपल्याला परके नाही. लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरविणारी दुरुस्ती २०१८ मध्ये झाली, तरी ‘त्याशिवाय काम होत नाही’ म्हणून आम्ही आपल्याला पाट मांडतोच.

तरी एवढीच विनंती, की यापुढे यजमानांच्या वतीने बोलण्यास उभे राहताना पैसा कोणाचा होता, हे आधी सांगावे आणि मग कारण सांगावे.

बहुत काय लिहिणे, कृपालोभ थोडा कमी करावा.