भाऊ, पयनं होते काय?

अकोल्याच्या जठारपेठेत धडधाकट माणूस दोनच कारणांनी पळतो. एक, गाडी सुटायची वेळ झाली म्हणून. दुसरं, मागे कुत्रं लागलं म्हणून. या दोन्हींखेरीज कोणी पळताना दिसला तर ओट्यावरची मंडळी आधी त्याच्या मागे बघतात. कुत्रं नाही, पोलीस नाहीत, याची खात्री पटली की विचारतात, "काहून बाप्पा, घरी सारं ठीक हाय ना?"

अलीकडे मात्र एक तिसरं कारण निघालं आहे: मॅरेथॉन. पूर्ण घेतली तर 42 किलोमीटर 195 मीटर, हाफ घेतली तर त्याच्या निम्मी. यातल्या शेवटच्या 195 मीटरांचा हिशेब मला फार दिवस लागत नव्हता. मग कळलं की 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली, ते अंतर तेवढं भरलं आणि पुढे तेच कायम झालं. राजेसाहेब केव्हाच गेले. त्यांच्या सोयीपायी पोटऱ्या अजून आपल्या दुखतात.

मीही बूट घेतले. हिरवे होते, कारण माझ्या मापात तेवढेच उरले होते. पहाटे ते घालून कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला लागलो. तिथे आमचा एक कंपू रोज फिरतो. एक निवृत्त मास्तर, एक मेडिकलवाले, एक बँकेतले आणि बाकीचे ज्यांना घरी सकाळी कोणी चहा विचारत नाही असे. हे लोक चालतात कमी, थांबतात जास्त. मुद्दा रंगात आला की बोलणारा थांबतो, आणि ऐकणाऱ्यांनी पुढे जाणं वऱ्हाडात असभ्य समजतात. असा फेरा पुरा झाला की आलूबोंडा. चालण्यात जे काही झिजलं असेल ते दोन मिरच्यांसह जागेवर परत येतं.

मी त्यांना ओलांडून पळत गेलो आणि विजेच्या तिसऱ्या खांबाला धरून उभा राहिलो. मंडळी रमतगमत आली. बँकवाल्यांनी माझ्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "हे आपलं काम नाही भाऊ. ते केनियावाल्यायचं. आपन वरन-रोडगे खानारे लोक."

हा निकाल जठारपेठेत सर्वमान्य आहे. अडचण एवढीच की शास्त्रज्ञांना तो मान्य नाही. ब्रॅम्बल आणि लीबरमन या दोघांनी 2004 साली 'नेचर' नियतकालिकात मांडलं की माणसाचं शरीरच लांब पळण्यासाठी घडलेलं आहे. टाचेमागची जाड शीर पावलागणिक ताणते आणि उसळी देते. अंगावर केस विरळ आणि घाम भरपूर, त्यामुळे धावताधावता देह थंड होत राहतो. घामाच्या बाबतीत तर अकोलेकराला कोणी शिकवू नये. मेमध्ये पारा 45 च्या वर गेला की आम्ही जागेवर बसूनही तो विषय पक्का करतो. पण खरी गंमत पुढे आहे. बसताना आपण ज्यावर बसतो तो मोठा स्नायू सपाटीवर चालताना फारसा राबत नाही. पळू लागलं की कामाला लागतो, धड पुढे कोलमडू देत नाही. म्हणजे जो अवयव जठारपेठेनं दुकानाच्या गादीसाठी राखून ठेवला, तो पळण्याच्या कामाचा निघाला!

वेल्समध्ये लॅनर्टिड वेल्स नावाचं एक गाव आहे. तिथे 1980 पासून माणूस विरुद्ध घोडा अशी डोंगरातली शर्यत लागते, सुमारे 35 किलोमीटरची. घोडा दरसाल जिंकायचा आणि बक्षीस साठत जायचं. अखेर 2004 मध्ये एका माणसानं घोड्याला मागे टाकलं आणि साठलेले 25 हजार पौंड घरी नेले. मुंबई मॅरेथॉनही त्याच वर्षी सुरू झाली. 2004 मध्ये पायांचे ग्रह उच्चीचे असावेत.

हे सगळं ऐकून मास्तर म्हणाले, "तिकडचं सांगू नका, आपलं सांगा." तर आपलंही आहे. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. अध्यक्ष होते दोराबजी टाटा. त्यांनी पाहिलं, की धावणारे बरेचसे शेतकरी, अनवाणी, ना शिकवणारा ना नियमांची माहिती. पण लांब पल्ल्याची त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी. तिथून सूत्रं हलली आणि पुढच्याच वर्षी भारताचे खेळाडू अँटवर्प ऑलिंपिकला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या साली अंतरही नेहमीपेक्षा जास्त होतं, 42.75 किलोमीटर. ते त्यांनी तीन तासांच्या आत संपवलं. ना घड्याळात नाडीचे ठोके, ना खिशात गोड जेलची पुडी.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? श्रावणातल्या शेवटच्या रविवारी रात्री गांधीग्रामच्या रस्त्यावर उभं राहावं. पूर्णा नदीचं पाणी कावडीत भरून लोक अकोल्याला राजराजेश्वराच्या मंदिराकडे निघालेले असतात. अंतर सतरा-अठरा किलोमीटर. पाय अनवाणी, खाली गिट्टी, वरून पाऊस, खांद्यावर भरण्यांचं ओझं आणि "हर्र बोला महादेव"चा गजर. त्यात हमाल असतात, कॉलेजची पोरं असतात, दिवसभर दुकानात बसणारे असतात. गेल्या खेपेला कावडीच्या आडव्या बांबूखाली एक ओळखीचं पोट दिसलं. आमचे बँकवाले! धोतर खोचलेलं, पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, आणि चाल अशी की सोबत राहायला मला हिरव्या बुटांनी पळावं लागलं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, केनियावाल्यांचं काम तुम्ही कसं केलं? ते शांतपणे म्हणाले, "ते वेगळं हाय भाऊ. तिथं आपन कुठी चालतो? तिथं महादेव नेते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण निष्कर्ष तयार होता. पाय आपले ठीक आहेत. बिघाड वर आहे. शेगावला पायी जायचं ठरलं की हाच माणूस चाळीसेक किलोमीटर तुडवतो, आणि चौकातून कोथिंबीर आणायची म्हटलं की गाडीची किल्ली शोधतो.

तेव्हा वाचकहो, ज्यांना साखर आहे, बीपी आहे, छातीत कधी दुखलं आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. जठारपेठेत दवाखान्यांची वाण नाही. बाकीच्यांनी उद्या पहाटे यावं. आधी चालायचं, मग थोडं पळायचं, आणि बोलताना धाप लागली की पुन्हा चालायचं. लांब पळायला शिकणाऱ्यांना जाणकार हेच सांगतात: वेग असा ठेवा की गप्पा मारता आल्या पाहिजेत. या एका नियमावर वऱ्हाड जग जिंकू शकतं. फक्त आलूबोंड्याचे पैसे घरी ठेवून या.