मेंटेनन्सचे काका

लोणावळ्यात नांगरगावच्या औद्योगिक वसाहतीत मशीन बंद पडलं की पहिला फोन काकांना जातो. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला नंतर, तोही मालकांच्या समाधानासाठी. काका रिटायर होऊन मुदतवाढीवर आहेत. खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल आणि तोंडी कायम, "आधी चहा सांगा."

घाईतल्या माणसाला काका परवडत नाहीत. फॅनक झीरो-एम कंट्रोलचं जुनं व्हीएमसी (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर) एक्स अ‍ॅक्सिसवर ४११ अलार्म देऊन उभं असतं, डिस्पॅच अडकलेला असतो, तरुण इंजिनिअरने नव्या सर्वो ड्राइव्हचं कोटेशनसुद्धा मागवलेलं असतं, आणि काका ऑपरेटरला विचारत असतात, "काल मशीन धुतलं कोणी?"

४११ म्हणजे टेबल सांगितल्या जागी वेळेवर पोचत नाही, मागे रेंगाळतं. का रेंगाळतं? ड्राइव्ह गेला, मोटर बसली, केबल तुटली की स्लाइडच जाम झाली? ते अलार्म सांगत नाही. "त्याने तक्रार केली, चौकशी आपण करायची," इति काका.

वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात पहिला संशयित ठरलेला, ओल. पॅनेलचं दार उघडून काका आधी वास घेतात. मग पावसाळाभर आत पेटता ठेवायचा ६० वॉटचा बल्ब कोणी काढून नेला नाही ना, ते बघतात. "दार उघडं टाकून पंखा लावता, धुकं आत येतं. पर्यटकाला त्याची मजा वाटते, कार्डाला सर्दी होते."

पुढचा विधी कडक सोवळ्यातला. मेन स्विच बंद. ड्राइव्हवरचा चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत कोणी हात घालायचा नाही. मग एक्स आणि वायचे सारखेच ड्राइव्ह एकमेकांच्या जागी. "आता ४२१, म्हणजे वायचा तोच अलार्म, आला तर ड्राइव्ह गेला. ४११च राहिला तर तो निर्दोष." झेडकडे कोणाला फिरकू देत नाहीत, त्या मोटरला ब्रेक आहे, चुकलं तर हेड खाली.

४११च येतो. तरुण इंजिनिअर कोटेशनची मेल हळूच बंद करतो.

काका हँडव्हीलने टेबल सावकाश सरकवतात. दर वेळी अलार्म त्याच जागी. ते केबल चेन उघडतात. मोटरची पॉवर केबल वरून धडधाकट. पण वळणाशी जरा वाकवली की मीटरची शिट्टी तुटते. आतली एक फेज वर्षानुवर्षं वाकून वाकून तुटलेली. सगळा खर्च नव्या केबलचा. आणि तीन चहांचा.

जाता जाता कंट्रोलची बॅटरी बदलायची, पण मशीन चालू ठेवून. बंद करून काढली की पॅरामीटर गायब. तसे ते काकांच्या डायरीत हाताने उतरवलेले आहेत, भाचीच्या लग्नातल्या आहेराच्या यादीच्या पुढच्या पानावर. फोटो काढायला मात्र मनाई.

मालक म्हणतात, "काका, आता हे मशीन भंगारात काढू."

काकांचा चेहरा पडतो. "साहेब, असं ओतकाम आता मिळायचं नाही. नव्या मशीनसाठी लॅपटॉपवाली पोरं येतील. याला मी आहे."

हे हमीपत्र आहे की धमकी, याचा निकाल मालकांना अजून लावता आलेला नाही. मुदतवाढीच्या कागदावर सही मात्र झाली आहे.