चाकांवरचा परोपकार

जालन्याजवळच्या बदनापूरच्या टपरीपुढं आठ-दहा सायकलस्वार उतरले. अंगाला चिकटलेले कपडे, पाठीवर ‘मुलगी शिकवा, पाणी वाचवा’. प्रत्येकानं एक बाटली प्यायली, दुसरी डोक्यावर ओतली. टपरीवाल्यानं ड्रममध्ये वाकून उरलेलं पाणी पाहिलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. दान नेमकं कुणी कुणाला केलं, हा हिशेब राहूनच गेला.

समृद्धी महामार्ग जालन्यावरूनच जातो, पण तिथं दुचाकीला मज्जाव. समृद्धीला चारच चाकं चालतात! म्हणून परोपकार जुन्या रस्त्यानं, सळईच्या ट्रकांचा धूर खात. मागं टेम्पोत केळी, मलम आणि फोटोग्राफर.

१९८५ साली बाबा आमटे तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडं निघाले, तेव्हा पाठीच्या दुखण्यानं त्यांना बसणंही अशक्य होतं. ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. इथं चर्चा सीटच्या जेलवाल्या गादीची.

तेवढ्यात एकाचं चाक बसलं. बाभळीचा काटा. सगळे मोबाइलमध्ये पंक्चरवाला शोधू लागले. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर एक मुलगी आली. दप्तर हँडलला, कॅरिअरवर धाकटा भाऊ.

“काका, आधी टायरमधला काटा काढा, नाहीतर परत बसंल.” मग पाठीवरची अक्षरं वाचून, “कुठं निघालात?”

“नागपूरला. मुलींनी शाळेत जावं म्हणून.”

“बरं,” ती घंटी वाजवत म्हणाली, “मग जरा वाट सोडा. उशीर झालाय.”