फोनमधल्या बाई आणि नऊ टेकांचं गाव

द्वारकेला कोंडी झाली, ही नाशिकमध्ये बातमी होत नाही. द्वारका मोकळी आहे असं कुणी सांगितलं, तर नाशिककर आधी विचारतो, ‘आज कसला बंद आहे?’ २०१३ साली महामार्गावर जवळजवळ सहा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. धुळ्याकडे जाणारे ट्रक वरून जाऊ लागले आणि खालची कोंडी शंभर टक्के स्थानिक झाली. भूमिपुत्रांसाठी इतकं ठोस काम दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाने केल्याचं ऐकिवात नाही.

या कोंडीवर उतारा म्हणून आता प्रत्येक गाडीत, काचेपाशी अडकवलेल्या फोनमध्ये एक बाई बसलेल्या असतात. त्या इथल्या नाहीत हे लगेच कळतं. नाशिककर पत्ता सांगतो तो सांगली बँकेपाशी वळायला सांगून. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विरून गेली, पण सिग्नल अजून तिच्याच नावावर आहे. मायकोची बॉश झाली, सर्कल मायकोचंच राहिलं. आणि गोदावरीला तर आम्ही गोदावरी म्हणतच नाही. ‘गंगेवर जायचंय’ असं बाईंना सांगून पाहा, त्या तुम्हाला थेट उत्तर प्रदेशच्या रस्त्याला लावतील.

बाईंना रस्ता दिसत नाही, फोन दिसतात. पुष्कळ फोन एका जागी रखडले की तिथे लाल रंग. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सिमोन वेकर्ट नावाच्या कलावंताने हातगाडीत ९९ फोन भरले आणि ती मोकळ्या रस्त्यावरून ओढत नेली. गुगलच्या नकाशावर तो रस्ता लाल झाला, जगभर कौतुक झालं. भद्रकालीत हा प्रयोग रोज होतो. त्याला फोनही लागत नाहीत, हातगाडी पुरते.

तर द्वारकेला लाल दिसलं की बाई हळूच सांगतात, सारडा सर्कलकडे वळा, आतून घ्या, सहा मिनिटं वाचतील. ऐकणाऱ्याला वाटतं, काय गुपित कळलंय! मागच्या गाडीतही तेच गुपित फुटलेलं असतं, त्याच्या मागच्या गाडीतही. मग सगळी गुपितं एकामागोमाग एक दूध बाजारातून दहीपुलाकडे निघतात. चौकात चार लेनवर पसरलेली कोंडी एका गल्लीत शिस्तीने भरली जाते. महापालिकेला जे समन्यायी वाटप पाण्याचं जमलं नाही, ते बाईंनी कोंडीचं करून दाखवलं.

जुनं नाशिक नऊ टेकांवर वसलं, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. बाईंचा नकाशा मात्र सपाट. गल्ली टेकावर चढते, पुढे एका वाड्याचा ओटा रस्त्यात आलाय, त्यापुढे तिच्या पायऱ्या होतात, हे त्यांच्या हिशेबात नाही. तिवंध्याच्या बाजूला एका संध्याकाळी पाहिलेला देखावा सांगतो. एमएच बारा पासिंगची पांढरी, दांडगी गाडी आणि समोरून भांड्यांचा टेम्पो, नाकाला नाक लावून उभे. दोघांच्या मागे डझनभर दुचाक्या. ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या काकूंनी मान वर न करता विचारलं, “कुठं जायचंय?”

“पंचवटी. मॅपवर इथून बारा मिनिटं दाखवतंय.”

“चालत बाराच लागतात.”

मग जुडी बाजूला ठेवून काकू उठल्या. “ए भाऊ, टेम्पो गिरणीपर्यंत मागे घे. दादा, तुम्ही आरसा मिटा. या. या. अजून या. थांबा! पायरी आहे.” तेवढ्यात गाडीतून बाई गोड आवाजात म्हणाल्या, “मेक अ यू-टर्न.” त्यावर अख्खी गल्ली हसली. टेम्पोवाल्याने तर हॅंडब्रेक ओढून हसून घेतलं.

अरुंद गल्ल्या टाळण्याची सोय गुगलने २०२४ मध्ये भारतात आणली. पहिल्या आठ शहरांत इंदूर, कोइमतूर होती, नाशिक नव्हतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया या गावाने वेगळा उपाय केला. आडवाटांची गर्दी असह्य झाल्यावर २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी साठेक रस्ते बाहेरच्यांना बंद, आत शिरल्यास दोनशे डॉलर दंड. आपल्याकडे हा कायदा फार जुना आहे, त्याला मांडव म्हणतात. आणि मांडवाच्याही वरची पायरी म्हणजे रहाड. शनि चौकात, तिवंध्यात, जुन्या तांबट लेनमध्ये रस्त्याच्या पोटात पेशवाईतले हौद आहेत. वर्षभर त्यांच्यावरून स्कूटर जातात. रंगपंचमीला झाकण निघतं, हौद रंगाने भरतो आणि माणसं वरून धप्पा मारतात. वर्षातून एकदा पोहण्याजोगा होणारा रस्ता दाखवायला कुठल्या रंगाची रेघ वापरावी, हे कॅलिफोर्नियात बसून ठरणं कठीणच.

पाण्याची मात्र थट्टा नको. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या अकोले तालुक्यात नकाशाच्या भरवशावर रात्री निघालेली पुण्याची गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एक जीव गेला. पूल पाण्यात आहे हे आजूबाजूच्या गावांना ठाऊक होतं. विचारायला रस्त्यावर कुणी नव्हतं, फोन तेवढा होता. नाशिकमध्ये पाण्याची खबर देण्याचं काम गोदेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती करतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं की कुठला पूल सोडायचा, हे सराफ बाजारातल्या दुकानदाराला फोन न उघडता कळतं.

आता सिंहस्थ आलाय. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान. त्या तयारीत शहर उकरून निघणार, म्हणजे काल होता तो रस्ता आज नाही, आणि आज आहे तो उद्या एकेरी. अशोक स्तंभापासून त्र्यंबक नाक्यापर्यंतचा किलोमीटरभराचा स्मार्ट रोड होताना आम्ही जे वळसे घातले, ती रंगीत तालीम होती म्हणायची. पण मला उत्सुकता आहे ती २ ऑगस्टच्या पहाटेची. रामकुंडाच्या दिशेने लाखो फोन ताशी अर्ध्या किलोमीटरच्या वेगाने सरकत असतील. बाईंना सगळा गोदाकाठ लालभडक दिसेल. मग त्या नेहमीच्या मायेने वैष्णव आखाड्यांना पर्यायी मार्ग सुचवतील: त्र्यंबकेश्वर, कुशावर्त, तीसेक किलोमीटर, स्नान चाळीस मिनिटं लवकर. शैव आणि वैष्णवांनी आधी कुणी न्हायचं यावरून भांडून, पेशवाईत जागा वाटून घेतल्या, ही माहिती नकाशात नाही. कुशावर्तावर त्या वेळी शैव आखाडे उभे असतील, आणि त्यांनाही बाई एव्हाना रामकुंडाचा रस्ता दाखवत असतील.