सात डिसेंबरचा उतारा

(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र : विकास सोसायटीचा गटसचिव, निवृत्तीला टेकलेला.
स्थळ : पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. संगणक प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. समोर बसलेले प्रेक्षक म्हणजेच जमलेले गटसचिव.

(टेबलावर कॉम्प्युटर. सचिव बगलेत जाडजूड कीर्द घेऊन येतो. कॉम्प्युटर जरा बाजूला सरकवतो, कीर्दीला जागा करतो. माईकवर टिचकी मारतो.)

बसा, बसा. उभं राहायला मी काय सहायक निबंधक साहेब नाही. तुमच्यासारखाच गटसचिव. आपल्याला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, सगळ्यांच्या वतीनं दोन शब्द बोला." मॅडम माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो. ज्याच्याकडं पासवर्ड, तो मोठा.

तर जून 2022 मध्ये दिल्लीत मंत्रिमंडळानं ठरवलं, देशातल्या 63,000 विकास सोसायट्या कॉम्प्युटरवर आणायच्या. खर्च 2,516 कोटी. आमच्या चेअरमननी पेपरात वाचलं आणि तडक मला विचारलं, "सचिव, यातले आपले किती?" मी तोंडी भागाकार केला. म्हटलं, सोसायटीमागं चारएक लाख. चेअरमन खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "रोख?"

म्हटलं, नाही. कॉम्प्युटर.

(थांबतो.) त्या दिवशी ते चहासुद्धा पूर्ण प्याले नाहीत.

पहिल्या दिवशी माउस. तुमच्यातलेच एक सचिव, नाव घेत नाही, हसू नका, बाण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात न्यायला निघाले. (माउस धरून सरकवत जातो.) न्या, न्या, न्या... टेबल संपलं. हे उठले! माउस घेऊन निघाले मॅडमच्या खुर्चीकडं. वायर ताणली. मॅडम म्हणाल्या, "काका, उचला आणि परत होता तिथं ठेवा." हे बघतच राहिले. उभा जन्म सहकारात गेला. उचललेली वस्तू परत ठेवायची, हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

मग उघडलं एक्सेल. समोर नुसत्या चौकटी. मॅडमनी कंट्रोल आणि खालचा बाण दाबला, पडदा सुटला तो थेट तळाला. ओळ नंबर 10,48,576. एवढ्या ओळी कुणासाठी? आमचे सगळे सभासद बसवले, त्यांचे वारस बसवले, वारसांच्यात भांडणं लावून आणखी वाटण्या केल्या, तरी ओळी शिल्लक. आणि आडवे रकाने 16,384. एवढ्या रकान्यांचं विवरणपत्र अजून खात्याला सुचलेलं नाही. (दाराकडं बघतो.) हळू बोललं पाहिजे.

पण यामागचं दुखणं आपलंच आहे, बरं का. अमेरिकेत हार्वर्डला डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. मास्तर फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे. एक आकडा बदलला, की खालचं सगळं पुसून पुन्हा मांडणी. त्याला वाटलं, वरचा आकडा बदलला की खालची बेरीज आपली आपण का बदलू नये? 1979 साली त्यानं आणि त्याच्या मित्रानं व्हिजिकॅल्क आणलं. एक्सेल मागनं आलं, 1985 ला. ऐकून मला गहिवरून आलं. मार्चअखेरीला तेरीज पन्नास पैशांनी जुळत नाही म्हणून आपण किती रात्री जागवल्या! खिशातले पन्नास पैसे टाकून भागत नाही, मंडळी. तेरीज खिशातलं घेत नाही.

(कीर्द उघडतो.) आता ही बघा. हिच्यात आकडा चुकला तर खाडाखोड नाही. तांबड्या शाईची आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. स्वर्गवासी सचिवांच्या चुका आजही ठळक दिसतात. (कॉम्प्युटरकडं बोट.) आणि तिथं? कंट्रोल झेड. चूक गेली. कुणी केली, कधी केली, कुणाच्या सांगण्यावरनं केली, चौकटीत मागमूस नाही. चेअरमनना हे दाखवलं. तेव्हा त्यांना कॉम्प्युटर पहिल्यांदा आवडला.

दुसऱ्यांदा आवडला थकबाकीच्या यादीत. रकाना अरुंद आणि रक्कम मोठी असली, की आकडा दिसतच नाही. नुसते हॅश. हॅश, हॅश, हॅश, ओळीनं. यादीत एका नावापुढं असेच हॅश आले. नाव चेअरमनचं. मॅडम म्हणाल्या, "काका, रकाना रुंद करा, रक्कम दिसेल." चेअरमन म्हणाले, "राहू द्या की, मॅडम. वार्षिक सभेत असाच लावू."

इथपर्यंत आमचं जमलं. पुढं ह्या एक्सेलचा स्वभाव कळायला लागला. वाईट नाही, अतिशहाणा आहे. बँकेचा खाते नंबर शून्यानं सुरू होतो. लिहिला, एन्टर मारला, पुढची शून्यं गायब! त्याचं म्हणणं, आधीच्या शून्याला किंमत नसते. अरे, ज्याला किंमत नाही त्यालाच पुढं बसवायचं, ही आपली पद्धत आहे! आमच्या संचालक मंडळाचा ग्रुप फोटो बघ एकदा!

आणि मग कर्जमागणीचा तक्ता. आमचे एक सभासद, तात्या, समोर बसलेले, हातात कागद. मी रकान्याला नाव दिलं, 'उतारा'. तात्यांच्या नावापुढं टाकलं 7/12. एन्टर.

(वाकून पडद्याकडं बघतो. चष्मा पुसतो. पुन्हा बघतो.)

सात डिसेंबर.

अरे, गाव नमुना सात म्हणजे मालकी, गाव नमुना बारा म्हणजे पीकपाणी, शेंबड्या पोराला माहीत आहे! पुन्हा टाकलं. पुन्हा सात डिसेंबर. शेजारचे सचिव म्हणाले, कोपरा धरून खाली ओढा, सगळ्यांना एकदम लागेल. ओढलं. आठ डिसेंबर, नऊ डिसेंबर, दहा डिसेंबर... सगळ्या गावाची जमीन कॅलेंडरात गेली. शेवटच्या सभासदाला शिमगा आला!

तात्या शांतपणे बघत होते. म्हणाले, "सचिव, म्हणजे डिसेंबर माझ्या नावावर झाला?"

म्हटलं, तात्या, तसं दिसतंय खरं.

"मग कारखान्याला कळवा. डिसेंबरात ऊसतोड माझ्या परवानगीनं."

पोटहिश्शांची तीच गत. 3/4 टाकलं, तीन एप्रिल. 10/2 टाकलं, दहा फेब्रुवारी. एकच शेतकरी सुटला, त्याचा 13/14. तेरावा महिना नाही म्हणून वाचला! आपल्याकडं अधिक महिना असतो हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मला वाटायचं, हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांचं होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, शास्त्रज्ञांचंही झालंय." माणसाच्या पेशीत जनुकं असतात. त्यातल्या एकाचं नाव मार्च वन, एकाचं सेप्ट वन. तक्त्यात लिहिलं की एक मार्च आणि एक सप्टेंबर. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या याद्यांमध्ये मधेच तारखा! शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं 2020 साली हात टेकले आणि नावंच बदलली. मार्च वनचं मार्चएफ वन. सेप्ट वनचं सेप्टिन वन. अंगातल्या जनुकाचं बारसं पुन्हा झालं, पण ह्याची खोड मोडली नाही. मग 2023 ला एक सोय आली : अक्षर आणि आकडा चिकटून असेल, तर तारीख करू नको, असं सांगून ठेवता येतं. जनुकं सुटली. आता 7/12 मध्ये अक्षर कुठाय? तात्या अजून डिसेंबरातच.

उपाय आहे. आकड्याच्या आधी एक अवतरणाचं चिन्ह मारायचं, एन्टरच्या शेजारचं बटण. नाहीतर रकानाच आधी टेक्स्ट करून ठेवायचा. म्हणजे त्याला दम द्यायचा : सांगितलंय तसं लिही, डोकं चालवू नको! (हात जोडतो.) उभी नोकरी मला वरच्या ऑफिसानं हेच सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी सांगायला मिळालं. काय सुख असतं हो!

मॅडम, तुम्ही आल्या दिवशी म्हणालात, "काका, नवीन आहात, शंका असेल तर विचारा." आम्ही विचारलं. हे बटण काय, ते काय, वीज गेली तर काय. ह्याला कधी शंका येते? तात्या समोर बसलेत, "तात्या, हा उतारा की तारीख?" एवढं विचारायला काय जातं? विचारतो कधी, तर सगळं वाटोळं करून झाल्यावर, खिडकी बंद करताना : "बदल सेव्ह करू का?"

आणि तारखांचा एवढा सोस, तर त्याचं कॅलेंडर तरी धड असावं! त्याच्या लेखी जग सुरू झालं 1 जानेवारी 1900 ला. तो दिवस नंबर एक. 15 ऑगस्ट 1947 म्हणजे 17,394. आणि त्यात 29 फेब्रुवारी 1900 हाही दिवस मोजलाय, जो कधी उगवलाच नाही. न उगवलेल्या दिवसाची हजेरी! ती चूक मुळात लोटस 1-2-3 नावाच्या आधीच्या प्रोग्रॅमची. हिशेब जुळता राहावा म्हणून ह्यानं तशीच पुढं चालवली. म्हणजे विषय क्रमांक एक : मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. सहकार कळलाय त्याला!

1900 च्या आधीचं मात्र तो काही धरत नाही. 12 मे 1875 टाकून बघा. त्या दिवशी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. दंगा गावोगाव पसरला, कर्जाचे कागद जाळले. त्यातनं पुढं कायदे झाले, 1904 ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि त्याच्या जोरावर आज तुम्ही-आम्ही पगार घेतो. ह्याला ती तारीखच वाटत नाही.

मी हे तात्यांना सांगितलं. तात्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "म्हणजे कागद जाळले की कर्ज गेलं?"

म्हटलं, तेव्हा, तात्या. आता बॅकअप असतो.

"तो कुठं असतो?"

वर.

तात्यांनी वर बघितलं. पत्रा होता. म्हणाले, "शिडी आहे का?"

(खिशातला मोबाइल वाजतो. बघतो. घाईनं कीर्द बगलेत मारतो.)

चेअरमनचा फोन. मंडळी, निघायला पाहिजे. डे-एंड राहिलाय. नव्या सॉफ्टवेअरात आजचा दिवस बंद केल्याशिवाय उद्याचा उघडत नाही. मागं वीज गेली तेव्हा गावात गुरुवारचा बाजार भरलेला आणि सोसायटीत अजून मंगळवार. (जाता जाता वळतो.) बसलाय काय? उठा! तुमचे कुणाचे डे-एंड झालेत? अख्खा तालुका कालच्या तारखेत ठेवून टाळ्या कसल्या वाजवताय!

(पळत जातो. पडदा.)