आवाजवाले अण्णा

आमच्या इमारतीत कुणाचा गिझर वाजायला लागला की घरच्यांच्या आधी अण्णांना कळतं. सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात आणि अण्णांचा कान त्या डक्टमध्ये कायम मुक्कामाला असतो. सकाळी सहाला बेल वाजली आणि दूध आधीच आलेलं असेल, तर दारात अण्णाच. डोक्याला मफलर, खिशात टेस्टर, हातात लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. “तुमचा बॉयलर खदखदाय लागलाय,” एवढं सांगून ते चपला काढतात आणि थेट बाथरूमकडे वळतात. आत कुणी आहे का, हा प्रश्न त्यांना गौण वाटतो.

अण्णांची उभी हयात सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. हंगामाआधी अग्निप्रदीपन व्हायचं. पूजेला एखादे संचालक सपत्नीक बसायचे, फोटो काढून, जेवून निघून जायचे, आणि पुढचे चार-पाच महिने त्या विस्तवाशी गाठ अण्णांची. खाली बगॅस जळतोय, वर तासाला टनावारी वाफ तयार होतेय. गेज ग्लासमधली पाण्याची पातळी डोळ्यांनी बघायची आणि बाकी सगळं कानांनी, अशी त्यांची ड्यूटी. निवृत्तीनंतर मुलानं पुण्याला आणलं आणि हा माणूस एकदम 15 लिटर आणि 2 किलोवॅटवर आला. दुसरा कुणी खचला असता.

अण्णा खचले नाहीत, कारण इथे त्यांना एक रिकामी जागा दिसली. 2025 पर्यंत लागू असलेला 1923 चा बॉयलर कायदा त्यांना तोंडपाठ. त्यात 2007 साली झालेल्या दुरुस्तीनं 25 लिटरहून लहान भांडी आणि 100 अंशांच्या खाली तापणारं पाणी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं. म्हणजे तुमच्याआमच्या घरातल्या बॉयलरला ना इन्स्पेक्टर, ना तपासणी, ना सर्टिफिकेट. एवढं मोठं पद बिनपगारी रिकामं पडलेलं बघून अण्णांनी ते स्वतःच भरलं.

तपासणीची सुरुवात ठरलेल्या प्रश्नानं होते. “तापताना वाजतोय का निवताना?” याचं उत्तर सहसा कुणाला येत नाही. चौथ्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला “रँडमली वाजतो” म्हणाला, तेव्हा अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. “बॉयलर रँडम वाजत नसतोय. माणसं वाजत्यात.”

मग ते स्टुलावर चढतात. आधी टेस्टर लावून अंगात करंट नसल्याची खात्री. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इनलेटच्या नळीवर, मूठ कानावर, डोळे मिटलेले. घरातली माणसं खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभी. मिक्सर लावायचा नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत कुणीतरी धावत जाऊन गॅस बंद करायचा. अशा वेळी मुलांची शाळेची बस चुकते, पण त्याबद्दल मुलांनी अजून तक्रार केलेली नाही.

बरेचसे आवाज अण्णा माफ करून टाकतात. ‘टक’ झालं तर तो थर्मोस्टॅट. त्याचं काम तो करतोय, तुम्ही तुमचं करा. बंद केल्यावर कडकड झाली तर तापून फुगलेला पत्रा परत जागेवर येतोय. नळ झटकन बंद केला की भिंतीत धाडकन होतं, त्यात बॉयलरचा काहीच दोष नाही. धावतं पाणी एकदम अडवलं की ते पाइपाला धडक देतं, असं सांगून अण्णा घरातल्या नळ आपटणाऱ्या माणसाकडे अचूक बघतात. तो बहुधा जावई निघतो.

पण खदखद निघाली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. आमच्याकडे निम्मं वर्ष बोअरचं, नाहीतर टँकरचं पाणी. बादलीवर पांढरे ओघळ, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. हेच क्षार तापलेल्या कॉईलवर थरावर थर बसतात. थरात अडकलेलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, तिचे बुडबुडे फुटत बाहेरच्या कमी तापलेल्या पाण्यात येतात आणि विरतात, आणि टाकी बोलायला लागते. बाहेर पाणी कोमट असतं आणि आत कॉईल स्वतःच्याच उष्णतेनं भाजत असते. “सूनबाई कमी बोलत्यात म्हणून त्यांना राग नाही असं समजू नका,” हे उदाहरण अण्णा एकदा सुनेसमोर देऊन बसले; तेव्हापासून ते फक्त शास्त्रीय भाषेत समजावतात. नॉब शेवटपर्यंत फिरवू नका, 60 अंशांच्या वर पाणी नेलंत तर क्षार आणखी भराभर बसतील. कॉईल काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा.

निघालेला थर वर्तमानपत्रावर पसरून बघण्याचा कार्यक्रम मी जवळून पाहिला आहे. अंड्याच्या टरफलासारखे पांढरट, वाकडे तुकडे. द्रव्यही मुख्यतः तेच, कॅल्शियम कार्बोनेट. अण्णांनी त्यातला जाडसर तुकडा निवडला, बोटांनी जाडी पाहिली, फुंकर मारून औषधाच्या रिकाम्या डबीत घातला आणि वर पट्टी चिकटवली: ‘304, मार्च’. अशा डब्या त्यांच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या आहेत. आमच्या 202 ला अजून जागा मिळालेली नाही, याचं आमच्या हिला उगीचच वाईट वाटतं.

निदान झालं की मात्र अण्णांचा रस संपतो. दुरुस्ती हे काम त्यांच्या लेखी हमालीचं. “आता त्या पोराला बोलवा.” पोरगा म्हणजे कंपनीचा मेकॅनिक, कानात इअरफोन घालून येणारा. तो काहीच ऐकत नाही, झाकण उघडतो, बोट लावतो आणि म्हणतो, “काका, टाकी गेलीय. नवीनच घ्या.” अण्णा विचारतात, “अ‍ॅनोड बघितलास?” अ‍ॅनोड म्हणजे टाकीत लावलेली मॅग्नेशियमची कांडी. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजत राहते, आणि वर्ष-दोन वर्षांनी काढून बघायची असते. ती कुणीही, कधीही बघत नाही. एकदा पोरानं ती काढली. मॅग्नेशियमचा पत्ता नव्हता, मधली तार तेवढी उरलेली. टाकी खरोखरच गेलेली होती. म्हणजे पोराचं बरोबर निघालं आणि अण्णांचंही, आणि दोघांनी मिळून घरमालकाकडे असं बघितलं की त्यानं निमूट नवीन गिझर घेतला.

अण्णांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे सेफ्टी व्हॉल्वमधून पाणी ठिबकत होतं, फुसफुस आवाज यायचा, फरशी ओली राहायची. कुण्या प्लंबरनं तिथे चक्क प्लग मारून टाकला. आवाज बंद, फरशी कोरडी, वहिनी खूश. अण्णा जिन्यावरून जाताना सहज थबकले, “फुसफुस कुठं गेली?” म्हणाले, आणि उत्तर ऐकून त्यांनी आधी मेन स्विच पाडला. थर्मोस्टॅट अडकला आणि कॉईल चालूच राहिली तर वाढलेला दाब बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. ती बुजवली तर टाकी फुटते. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. प्लंबर परत येऊन नवा व्हॉल्व लावेपर्यंत अण्णा बाथरूमच्या दारात पाटावर बसून राहिले. चहासुद्धा घेतला नाही. वाफ काय करू शकते, ते त्या इमारतीत त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

नरकचतुर्दशीची पहाट हा त्यांचा खरा गाळप हंगाम. साडेचारला सगळ्या इमारतीचे गिझर एकदम चालू. अण्णा अर्धं उटणं लावलेल्या अवस्थेत डक्टच्या खिडकीशी उभे राहून हजेरी घेतात: “दोनशे एक बरा आहे. चारशे तीनला खदखद. एकशे दोन आज गप का?” आतून काकू ओरडतात, “अहो, अंघोळ करा, पाणी निवतंय!” ते पाणी गॅसवर तापवलेलं असतं. त्यांच्या स्वतःच्या घरचा बॉयलर गेली दोन वर्षं ‘निरीक्षणाखाली’ आहे.

आता त्यांची कीर्ती बॉयलरच्या पलीकडे गेली आहे. लिफ्टची करकर, पंपाची घरघर, कुणाच्या स्कूटरचा सायलेन्सर, सगळीकडे त्यांना नेतात. परवा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी गुडघे वाजतात म्हणून त्यांना थांबवलं. अण्णांनी सवयीनं स्क्रूड्रायव्हर अर्धा वर उचलला, मग सावरून खाली घेतला.

“तापताना वाजत्यात का निवताना?”

“सकाळी उठताना,” आजी म्हणाल्या. “चाललं की थांबतात.”

“मग काही नाही. प्रसरण आहे. वाजू द्या.”

आजींनी त्याच संध्याकाळी डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द केली.