दुसरं कार्ड घेऊ का?

पुण्यात शिकणाऱ्या मुलाला मेसचा डबा एक पुरतो, क्रेडिट कार्डं मात्र दोन लागतात. कारण विचारा, तर म्हणतो, ‘सिबिल स्कोअर वाढतो.’ कर्जासाठीची पत मोजणारा ३०० ते ९०० मधला तो आकडा त्याला सेमिस्टरच्या गुणांपेक्षा जास्त पाठ असतो. युक्तिवाद अगदीच खोटा नाही. दोन कार्डांमुळे एकूण मर्यादा वाढते आणि खर्च तेवढाच राहिला तर स्कोअर सुधारूही शकतो. सगळी गंमत त्या ‘तेवढाच राहिला तर’मध्ये आहे.

बँकही भोळी नाही. पोराला कमाई नाही, म्हणून ती बहुधा बाबांच्या पैशांची मुदत ठेव मागते आणि तिच्यावर कार्ड देते. म्हणजे घरचेच पैसे सहा-सात टक्क्यांनी ठेवायचे आणि बिल थकलं की त्याच बँकेला महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळिशीपार, मोजायचे. याला म्हणे आर्थिक शिस्त! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांचं कुंपण घातलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तेही काढलं.

‘किमान देय रक्कम’ भरली की विलंबशुल्क टळतं, व्याज टळत नाही. उलट नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. हे सगळं छापलेलं असतं, अर्थात मुंगीएवढ्या अक्षरांत.

तेव्हा बाळांनो, पहिल्या कार्डाचं बिल आधी वर्षभर पूर्ण भरून दाखवा. दुसऱ्या कार्डावर मिळणारा विमानतळावरच्या लाउंजमधला फुकटचा उपमा तोवर थांबेल. तसेही तुम्ही गावी एसटीनेच जाता.